सर्वांत हिरवा चौकोन

कराड, १४ डिसेंबर

प्रिय सदा,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीतल्या तुझ्या पत्राला उत्तर दिले नाही, त्याबद्दल हवे तेवढे बोल. गुडघा बरा आहे. आज लिहितो आहे ते नकाशामुळे.

सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात वाघ आणि त्याचे भक्ष्य कुठे टिकेल, याचा नकाशा मी वर्षभर करतो आहे. झाडोरा, चढ-उतार, पाणवठ्याचे आणि वस्तीचे अंतर असे थर एकावर एक ठेवायचे आणि गवा, सांबर, भेकर यांच्या खुणा मिळालेल्या जागांशी ते संगणकावर ताडून पाहायचे. पहिल्या खेपेला सगळे गवे रस्त्याच्या कडेलाच राहतात असे निघाले, कारण खुणा नोंदवणारे आम्हीच जीपमधून फार दूर जात नव्हतो. लेंड्या मोजायला पाय लागतात, हे आंबा घाटातल्या भांडणात तू म्हणाला होतास. तुझे बरोबर होते, हे आता लेखी देतो.

मग पायी हिंडलो. नवा नकाशा आला तेव्हा प्रकल्पातल्या चांदोलीतला सर्वांत हिरवा, म्हणजे जनावरांना सर्वांत सोयीचा, चौकोन मोठा करून पाहिला, तर तो तुझ्या आजोळचा माळ निघाला. दाट सदाहरित रानाच्या सावलीत गवत फारसे येत नाही. ते येते सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळी पठारांवर, आणि उठलेल्या गावांच्या पडीक वावरांत. एका वाघाला वर्षाकाठी पन्नासेक मोठी जनावरे लागतात, आणि कळप न घटता ती मिळायची तर पाठीशी पाचशेक हवीत. ती पोसायचे गवत तुझ्या आजीच्या नाचणीच्या वावरात आहे.

वस्ती जितकी दूर तितके गुण जास्त, असा माझाच थर आहे, म्हणजे तुमचे उठून जाणे मी गुणांत धरले. तो थर खोटा नाही, हीच पंचाईत. पण तो माळ तुमच्या नांगरांनी आणि गुरांनी मोकळा ठेवला होता आणि आता त्यात झुडपे शिरू लागली आहेत. अहवालात ‘मानवी हस्तक्षेपापासून मुक्त अधिवास’ असे लिहिले होते, ते खोडले. ‘जुने गावठाण’ लिहिले, तर साहेब म्हणतात नकाशात इतिहास नको. मे २०१८ मध्ये चांदोलीत कॅमेऱ्यात वाघ आला, तेव्हा ‘आमच्या घरात भाडेकरू आला, भाडे कोण देणार?’ असे तू विचारले होतेस. मी उगाच रागावलो होतो.

मुलीचे लग्न ठरले, फार आनंद झाला, येतोच. वहिनींना नमस्कार.

आईंना विचारून एवढे कळव, देवळामागच्या त्या माळाला काय म्हणत? माझ्याकडे त्याचा नुसता क्रमांक आहे.

तुझा,
विनायक