तीन घाट, एक कागद

बेळगाव

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

चोर्ला घाटात मोबाईलची रेंज गेली, म्हणून तू गाडी कडेला घेऊन थांबलास आणि घरी आल्यावर "तुम्ही लोक गोव्याला जात तरी कसे होता?" असे विचारलेस. उत्तर जेवता जेवता सांगण्याइतके लहान नव्हते.

बेळगावहून खाली उतरायला आपल्याला मुख्यतः तीन घाट: जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला, खानापूर-लोंढा-रामनगरवरून अनमोड आणि शिनोळी-पाटणे फाट्यावरून आंबोली. प्रवास आखायचा म्हणजे यांतला एक ठरवायचा. पावसाळ्यात ते नकाशावरून ठरत नसे, कारण दरड कोठे कोसळली आहे हे नकाशाला ठाऊक नसते. म्हणून आदल्या संध्याकाळी स्टँडवर जाऊन, त्या घाटातून नुकत्याच आलेल्या लाल गाडीच्या किंवा गोव्याच्या कदंबा बसच्या ड्रायव्हरला गाठावे लागे.

मग पाठकोऱ्या कागदावर ओळीने गावे आणि फाटे लिहायचे, आणि प्रत्येक फाट्यापुढे जागची न हलणारी एखादी खूण: देऊळ, पूल, रेल्वेचे फाटक. (वडाचे झाड मी लिहीत नसे, रस्ता रुंद करताना पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच पडते.) आपल्याकडच्या पाट्या कन्नडमध्ये आणि शिनोळीला हद्द ओलांडली की मराठीत, त्यामुळे नावे दोन्ही लिप्यांत लिहिलेली असत. कन्नड तुझ्या आईला माझ्यापेक्षा भरभर वाचता येते, म्हणून कागद तिच्या मांडीवर असे आणि वळणाचा हुकूमही तिचाच. मैलाच्या दगडांवर मात्र माझे लक्ष असे: पिवळ्या माथ्याचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्या माथ्याचा राज्य महामार्गाचा. फाटा चुकला की अक्षरे लागण्याआधी माथ्याचा रंगच बदललेला दिसे.

खरे कसब वाट विचारण्यात होते. "हा रस्ता रामनगरला जातो ना?" असे विचारले, तर पाहुण्याला नाही कसे म्हणायचे या भिडेने भला माणूस होयच म्हणतो, म्हणून गावाचे नाव न घेता "हा रस्ता कुठं जातो?" एवढेच विचारायचे. अंतराचेही तसेच. "हे काय, जवळच" यावर विसंबण्यापेक्षा तिथपर्यंत एसटीला किती वेळ लागतो ते विचारावे, कारण रोज जाणाऱ्याला तो नेमका माहीत असतो.

गणपतीला चोर्ल्यानेच येणार असलास, तर निघण्यापूर्वी गोव्यातल्या साखळी गावच्या स्टँडवर घाटाची चौकशी कर आणि उजेडात कणकुंबी गाठ. आई मोदकांचे सारण आदल्या दिवशीच करून ठेवणार आहे.

तुझे
बाबा