उजव्या कानाची तक्रार आणि आपल्या सेवा केंद्राचे न उघडता केलेले निदान

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
मुख्य कार्यालय.

विषय : वॉरंटीच्या मुदतीत बंद पडलेला इन-इअर इअरफोन बदलून देण्यास आपल्या पुणे सेवा केंद्राने दिलेला नकार.

महोदय,

आपल्या कस्टमर केअरशी माझे शेवटचे बोलणे आत्ताच संपले आहे आणि यापुढे फोनवर एकही शब्द खर्च करायचा नाही असे ठरवून मी हे पत्र लिहीत आहे. आपल्या कंपनीचे वरच्या श्रेणीतले, तारेचे, दोन पिनांची केबल सुटी करता येणारे इन-इअर मी पुण्यातील आपल्या अधिकृत विक्रेत्याकडून १८,५०० रुपयांना घेतले. त्यातला उजवा नग, म्हणजे उजव्या कानात बसणारा तुकडा, वॉरंटीच्या मुदतीत बंद पडला, आपल्या शिवाजीनगरच्या सेवा केंद्राने तो पाकिटातून बाहेरही न काढता ‘आत ओलावा शिरला आहे’ असे लिहून परत केला, आणि तेव्हापासून माझी तक्रार आपल्याकडे या टेबलावरून त्या टेबलावर फिरते आहे. हे उत्पादन आपणच बनवता, तेव्हा त्याची रचना मी आपल्याला समजावून सांगण्याची वेळ यायला नको होती. परंतु आपल्या माणसांशी बोलल्यानंतर ती आली आहे असे दिसते.

मी कोथरूडला शास्त्रीय गायनाचा वर्ग चालवते. विद्यार्थ्यांचे रियाजाचे मुद्रण ऐकून त्यांच्या सुरांतल्या चुका काढणे आणि जुन्या मैफलींची मुद्रणे त्यांना समजावून सांगणे हे माझे रोजचे काम आहे, आणि त्यासाठी मी आपल्याच कंपनीचा एक साधा, स्वस्तातला इअरफोन वर्षानुवर्षे वापरत होते. त्याने कधीही कुरकुर केली नाही. त्या विश्वासावरच, जुना जोड देऊन वरचा जोड घेण्याची आपली योजना विक्रेत्याने सांगितली तेव्हा मी फार विचार न करता जुना, उत्तम चालू स्थितीतला जोड त्याच्या हवाली केला. त्याचे २,००० रुपये वळते झाले आणि उरलेली रक्कम मी रोख भरली. हे मुद्दाम नोंदवते, कारण पुढे आपल्या एका प्रतिनिधीने “मॅडम, तोपर्यंत जुना वापरा ना” असा सल्ला मला दिला आहे.

नव्या जोडाच्या आवाजाविषयी माझी काहीही तक्रार नाही, उलट तो चालू होता तोवर त्याने दिलेला आनंद मोठा होता, आणि म्हणूनच ही फसगत अधिक झोंबते. जुन्या जोडात तंबोऱ्याचा एकसंध गुंजारव तेवढा यायचा. या जोडात पंचम, जोडीचे षड्ज आणि खर्ज अशा चारही तारा वेगवेगळ्या ऐकू येत आणि जवारी (तारेचा झंकार) कुठे किंचित बसली आहे तेही कळे. मैफलीत गवयाच्या मागे दोन बाजूंना दोन तंबोरे असतात, आणि चांगल्या मुद्रणात ते डाव्या-उजव्या कानांत तसेच बसलेले ऐकू येतात. आता उजवीकडचा तंबोरा मैफल सोडून गेला आहे, आणि त्या बाजूला तबला असेल तर तोही बोलायचा बंद झाला आहे.

बिघाड कसा सुरू झाला ते सांगते. एप्रिल महिन्यात उजव्या बाजूचा आवाज अधूनमधून जाऊ लागला. केबलची पिन जिथे नगात बसते तिथे बोटाने किंचित दाब दिला की तो परत येई आणि बोट काढले की जाई. मे महिन्यात तो कायमचा गेला. आपल्याला फोन करण्यापूर्वीच मी केबल दोन्ही नगांतून काढून उलटसुलट जोडून पाहिली, म्हणजे डाव्या बाजूची पिन उजव्या नगात आणि उजव्या बाजूची डाव्या नगात. दोष केबलचा असता तर मुकेपणा केबलबरोबर डाव्या नगाकडे गेला असता. तो उजव्या नगातच राहिला. त्यानंतर फोन बदलून पाहिला, लॅपटॉपला लावून पाहिले, फोनच्या टाइप-सी छिद्रासाठीचा जोडतुकडा बदलून पाहिला. उजवा नग सगळीकडे सारखाच गप्प होता.

एवढ्यावर न थांबता मी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एका कारागिराकडे गेले. त्याने मल्टीमीटरची टोके डाव्या नगाच्या दोन छिद्रांत धरली, तेव्हा खोक्यावर आपण छापला आहे त्याच्या जवळपासचा, म्हणजे १६ ओहमच्या आसपासचा विद्युतरोधाचा आकडा दिसला. उजव्या नगाला काहीच आकडा येईना. नग चिमटीत दाबून धरला की आकडा क्षणभर उमटे आणि लगेच नाहीसा होई. “ताई, आतला डाग, म्हणजे सोल्डरचा सांधा, सुटलाय. वॉरंटी आहे ना, मग मी उघडत नाही, कंपनीतच द्या,” असे त्याने सांगितले आणि एक पैसाही घेतला नाही. स्टुलावर बसून, उभ्या गिऱ्हाइकांच्या गर्दीत, त्याला जे काही मिनिटांत समजले ते आपल्या वातानुकूलित सेवा केंद्राला कळू नये याचे मला नवल वाटत होते. नंतर कळले की तिथे कोणी पाहिलेच नव्हते.

हे मी आकसाने लिहीत नाही, त्याला पुरावा आहे. सेवा केंद्रात देताना दोन्ही नग हरवू नयेत म्हणून मी ते एका छोट्या प्लास्टिकच्या पाकिटात घालून पाकिटाचे तोंड दुमडले होते आणि त्यावर स्टेपलरची पिन तिरकी मारली होती. नग ‘तपासून’ परत आले तेव्हा तेच पाकीट, तीच दुमड आणि तीच तिरकी पिन होती. पिन काढून पुन्हा मारली असती तर दुसरी छिद्रे पडली असती, ती नव्हती. जॉब शीटवर मात्र तंत्रज्ञाच्या तपासणीत ओलावा आढळल्याचे आणि त्यामुळे वॉरंटी लागू नसल्याचे नोंदवलेले आहे. बंद पाकिटाच्या बाहेरून, डोळ्यांनी किंवा अन्य कोणत्या अलौकिक मार्गाने आपल्या तंत्रज्ञाला नगाच्या पोटातला ओलावा दिसला, हे मला लेखी कळवावे. काउंटरवर मी ते पाकीट दाखवून विचारले तेव्हा “सिस्टिममध्ये तसंच आलंय” एवढेच उत्तर मिळाले.

आता त्या ओलाव्याविषयी. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत वाळत घातलेले कपडे तासाभरात कडकडीत होतात हे आपल्या शिवाजीनगरच्या कर्मचाऱ्यांना तरी ठाऊक असावे. हा जोड मी पावसात नेलेला नाही, तो घालून व्यायाम केलेला नाही, तो घरात बसून गाणे ऐकण्यापलीकडे कशासाठी वापरलेला नाही. आणि समजा, घाम लागलाच असेल, तर आपण खोक्यावर ठळक अक्षरांत ‘आयपीएक्स ४’ असे छापले आहे, ज्याचा अर्थ कोणत्याही दिशेने उडालेल्या पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षण असा होतो. त्याच खोक्यावर, रंगमंचावर दिव्यांच्या झोतात घाम गाळणाऱ्या कलाकारांसाठी हा जोड बनवला असल्याचाही दावा आहे. म्हणजे विकताना तो घामाला पुरून उरणारा असतो आणि दुरुस्तीला आला की कोथरूडच्या उन्हाळ्यात आपोआप भिजतो. यांपैकी आपली अधिकृत भूमिका कोणती, हेही त्याच पत्रात कळवावे.

यानंतर आजचा फोन. तो जरा सविस्तर सांगणार आहे, कारण संभाषणे ‘प्रशिक्षणासाठी’ ध्वनिमुद्रित होतात असे आपले यंत्र सुरुवातीलाच सांगते, आणि हे मुद्रण आपण स्वतः ऐकावे अशी माझी इच्छा आहे. आपल्याकडे चालू इअरफोन असतीलच.

प्रतिनिधीने प्रथम मला ब्लूटूथ बंद करून पुन्हा सुरू करायला सांगितले. हा जोड तारेचा आहे, त्यात ब्लूटूथ नाही, असे मी सांगितले. “ओके मॅडम,” म्हणून त्यांनी मला तो चार्जिंगच्या केसमध्ये ठेवून दिवा कोणत्या रंगाचा लागतो ते पाहायला सांगितले. आपण या जोडाबरोबर एक चामडी डबी दिली आहे. तिच्यात दिवा लागला तर तक्रार आपल्याकडे न करता अग्निशमन दलाकडे करावी लागेल, असे मी शक्य तितक्या शांतपणे म्हटले. मग त्यांनी ॲपमधून फर्मवेअर अपडेट करायला सांगितले. या जोडाला ॲप नाही, फर्मवेअर नाही, बॅटरी नाही, त्यात आवाज काढणारे दोन ड्रायव्हर आणि एक तार आहे, आणि त्यांतल्या एका ड्रायव्हरपर्यंत तार पोहोचत नाही एवढीच माझी तक्रार आहे, असे मी पुन्हा सांगितले. काही क्षण शांतता पसरली. त्यानंतर ते म्हणाले, “मॅडम, घरात कोणी जेन्ट्स आहेत का? किंवा मुलगा? त्यांना फोन देता का जरा?”

मी विचारले, “कशासाठी?”

“थोडं टेक्निकल आहे ना मॅडम, म्हणून.”

माझा मुलगा घरात होता. त्याला दोन पिनांची केबल कशी बसवतात हे मीच शिकवले आहे, त्यामुळे त्याला फोन देऊन काही उपयोग झाला नसता. षड्जापासून सूर केसभर ढळला तर ज्या कानांना तो खुपतो, त्या कानांना उजव्या बाजूने आवाज येत नाही हे ठरवण्यासाठी घरातल्या पुरुषाची साक्ष लागते, हे आपल्या कंपनीचे धोरण आहे की त्या प्रतिनिधीची वैयक्तिक श्रद्धा, हे मला जाणून घ्यायचे आहे. मी त्यांना उलट एकच प्रश्न विचारला, की या जोडाची केबल कोणत्या मापाच्या पिनेची आहे. त्यांनी मला होल्डवर ठेवले. आपली जाहिरातीची धून बराच वेळ ऐकवल्यानंतर ते परत आले आणि पिनेचा विषय सोडून म्हणाले, “मॅडम, पण लेफ्ट साइडने तर क्लिअर येतंय ना? मग काही दिवस तसंच वापरून बघा.”

पुण्याच्या दुकानदारांची ख्याती आपल्या कानांवर असेलच. तरीही, एक चप्पल तुटली म्हणून परत आलेल्या गिऱ्हाइकाला दुसरी शाबूत आहे तर लंगडी घालत घरी जा, असे लक्ष्मी रस्त्यावरचा कोणताही दुकानदार अजून तरी सांगत नाही.

संभाषणाच्या शेवटी त्यांनी आपल्याच एका बिनतारी मॉडेलवर दहा टक्के सूट देऊ केली. बंद पडलेल्या जोडाचे पैसे आधीच आपल्याकडे अडकलेले असताना आणखी पैसे भरून तिसरा जोड घेण्याचा हा प्रस्ताव मी नाकारला. फोन ठेवताच संदेश आला, की माझी तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली असून मी पाच तारे द्यावेत. यापूर्वीही ती अशीच परस्पर बंद केली गेली होती आणि प्रत्येक वेळी नवा क्रमांक घेऊन मला ब्लूटूथपासून सुरुवात करावी लागली.

त्या तरुणावर कारवाई व्हावी असे मला वाटत नाही. त्याच्यासमोर आपण जो कागद ठेवला आहे तो तो वाचत होता, आणि आपण तारेचे महागडे इअरफोन विकता ही गोष्ट त्या कागदावर नाही, हा दोष त्याचा नव्हे. राग आहे तो आपल्यावर. मी आपले नाव माझ्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना विश्वासाने सांगत आले, आणि त्यांतल्या काहींनी माझ्या शब्दावर आपले जोड घेतले. माझा चालता जुना जोड आपण घेऊन गेलात, हे पुन्हा लिहिते, कारण ते आपल्या एकाही नोंदीत नाही. २,००० रुपयांचा का होईना, तो दोन्ही कानांनी वाजत होता.

आता मागणी. जॉब शीटवरचे ओलाव्याचे निदान कोणी, कोणत्या तारखेला, कोणत्या तपासणीवरून केले याचा तंत्रज्ञाच्या सहीचा अहवाल मला द्यावा. तसा अहवाल नसेल, आणि तो नाही हे आपल्याला आणि मला दोघांनाही माहीत आहे, तर त्याच मॉडेलचा नवा, पूर्ण जोड द्यावा. केवळ उजवा नग बदलून चालणार नाही, कारण दोन्ही बाजू एकमेकींशी जुळवलेल्या असतात असे आपलेच माहितीपत्रक सांगते. तेही शक्य नसेल तर भरलेली रक्कम आणि जुन्या जोडाचे वळते केलेले मूल्य असे एकूण १८,५०० रुपये परत करावेत. दुरुस्त केलेला जुना माल मी घेणार नाही. आणि ‘घरात कोणी जेन्ट्स आहेत का’ या प्रश्नाबद्दल व्यवस्थापनाच्या सहीने लेखी दिलगिरी हवी, यंत्राने पाठवलेली नको.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत समाधान न झाल्यास मी प्रथम राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. आपले मुख्य कार्यालय दुसऱ्या राज्यात आहे, तक्रार तिकडे करावी लागेल, असे मला आपल्या एका पर्यवेक्षकांनी सुचवले होते, म्हणून कळवते की ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार ग्राहकाला स्वतः राहत असलेल्या ठिकाणच्या आयोगाकडे दाद मागता येते, ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही आणि त्यासाठी २ वर्षांची मुदत असते. वस्तूतील दोष ठरवण्यासाठी आयोग ती प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तिथे ती पाकिटातून बाहेर काढली जाईल.

ते पाकीट मी पिनेसकट जपून ठेवले आहे. त्याचे छायाचित्र, बिलाची व जॉब शीटची प्रत आणि तक्रार बंद केल्याचे आपले सर्व संदेश सोबत जोडले आहेत. उत्तर लेखी आणि मराठीत पाठवावे. आपल्या प्रतिनिधीचा फोन मी उचलणार नाही.

आपली ग्राहक,
कोथरूड, पुणे
(नाव व संपर्काचा तपशील सोबतच्या बिलावर आहे.)