पक्षी सप्ताहात माळरानावर गाड्या घालू नका

माननीय संपादक महोदय,

५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह. मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवशी तो सुरू होतो आणि सालिम अलींच्या जन्मदिवशी संपतो. या दिवसांत पुण्याहून ‘सकाळी सिंहगडाची दरी, दुपारनंतर सुप्याचं (बारामती तालुक्यातल्या) माळरान’ अशा सहली निघतात. बेत चांगलाच आहे, कारण झाडीतले आणि माळावरचे पक्षी एकाच दिवशी पाहायला मिळतात. पण दरीत जे पथ्य पाळलं जातं, ते माळावर पोहोचेपर्यंत विसरलं जातं. हे पत्र त्यासाठीच.

दरीत साडेसहाला पोहोचावं, पण लगेच खोल शिरू नये. थंडीत तिथे ऊन उशिरा उतरतं. ज्या शेंड्यांवर पहिलं ऊन पडतं तिथे आधी किडे हलू लागतात, आणि त्यामागे निखार, सुभग, नाचण यांचा मिश्र थवा येतो. थव्यामागे धावलं की तो पुढे सरकतो. एका जागी उभं राहिलं तर पाच-दहा मिनिटांत डोक्यावरून जातो. स्वर्गीय नर्तक आणि निळ्या माशीमार ओढ्याच्या सावलीत, खालच्या फांद्यांवर शोधाव्यात. दहाच्या सुमारास कडे तापून हवा वर चढू लागली की नजर आभाळाकडे वळवावी. सर्पगरुड पंखांखालच्या रुंद पांढऱ्या पट्ट्यावरून ओळखता येतो.

मोबाइलवर आवाज लावून पक्षी बोलावणं पूर्ण थांबलं पाहिजे. तो आवाज ऐकून येणारा नर आपल्याला भेटायला येत नाही, हद्दीत घुसलेल्या दुसऱ्या नराला हाकलायला येतो. खाण्याचा वेळ त्यात जातो. आवाज ऐकून नाव सांगणारं अ‍ॅप वापरायला हरकत नाही, पण हरेवा आणि कोतवाल इतरांच्या नकला करतात. पक्षी डोळ्यांनी दिसेपर्यंत यादीत नाव लिहू नये.

दुर्बीण ८×४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुरे. दहापट दुर्बीण हातात थरथरते, आणि माळावर दुपारी हवाच तरंगत असल्याने जास्त ताकदीने ते तरंगणंच मोठं दिसतं. आधी फक्त डाव्या डोळ्याने पाहून मधलं चाक फिरवावं, मग फक्त उजव्याने पाहून उजव्या नळीची कडी जुळवावी. नवशिक्यांना ‘काही दिसत नाही’ याचं कारण बहुधा ही न जुळवलेली कडी असते. चष्मेवाल्यांनी डोळ्यांकडचे रबरी कप आत दाबावेत.

सासवड-जेजुरी-मोरगाव मार्गे साडेतीनपर्यंत सुप्याला पोहोचावं. मयूरेश्वर अभयारण्य १९९७ सालचं, जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचं. म्हणजे पक्ष्यांचा खरा पसारा बाहेरच्या, अभयारण्याचं संरक्षण नसलेल्या माळांवर आहे. सरकारी दप्तरात असे माळ सहसा ‘पडीक’ असतात, आणि पाहुणेही मग गाडी वाटेल तिथे घालतात. मुरमाड जमिनीवर चाक गेलं की ती दबते, पाणी मुरत नाही, पवन्या-मारवेलसारखं गवत तिथे लवकर उगवत नाही. पुढची गाडी तीच चाकोरी धरते आणि दोन-चार रविवारांत नवा रस्ता तयार होतो. डोंबारी, चंडोल, धाविक, माळटिटवी ही सगळी मंडळी जमिनीवरच राहतात आणि उन्हाळ्यात अंडीही उघड्यावर, खडीच्याच रंगाची घालतात. चालकाला ती दिसणं शक्य नाही.

खरं तर गाडी ही उत्तम आडोशाची जागा आहे. बैलगाडीच्या जुन्या वाटेवर थांबावं, इंजिन बंद, काचा अर्ध्या खाली, दारं बंद. पंधरा मिनिटांत धाविक जवळून पळत जाते. उतरून रांग करून गवतात चालणं म्हणजे हाकाराच. कुठे काय बसलंय हे मेंढ्या चारणाऱ्या धनगराला आदराने विचारावं; लांडग्यांपासून लाव्यांपर्यंत त्याच्याइतकी त्या माळाची माहिती कुणाला नाही.

सर्वांत नाजूक वेळ सूर्यास्ताची. मध्य आशियातून आलेले भोवत्ये (हॅरियर, शिकारी पक्षी) दिवसभर नाकतोडे टिपत माळावर खालून उडतात आणि रात्री अनेक जण एकाच भागातल्या गवतात, जमिनीवर मुक्काम करतात. पांढुरक्या भोवत्याच्या नराच्या पंखटोकाला काळी पाचर असते, माँटेग्यूच्या भोवत्याच्या नराच्या पंखावर काळी आडवी रेघ. माद्या ओळखणं कठीण. संधिप्रकाशात ‘भोवत्या मादी, जात अनिश्चित’ असंच लिहावं. फोटोसाठी गाडी जवळ नेली किंवा दिव्यांचा झोत टाकला की बसलेले पक्षी उठतात आणि अंधारात त्यांना पुन्हा जागा शोधावी लागते, तेही भटक्या कुत्र्यांच्या सुळसुळाटात. निदान २०० मीटर दूर थांबावं, शेवटचा पक्षी बसल्यावर दिवे मंद ठेवून आल्या वाटेने परतावं. मुक्कामाची जागा समाजमाध्यमांवर टाकू नये. या पत्रातही ती मुद्दाम दिलेली नाही.

आयोजकांना आणखी एक विनंती. सहलीच्या शेवटी माळावर रोपं लावण्याचा कार्यक्रम ठेवू नका. या पक्ष्यांना चहूकडचं मोकळं दिसणं हवं असतं. झाड उभं राहिलं की कावळ्यांना अंडी हेरायला उंच जागा मिळते. श्रमदान करायचंच असेल तर नव्या चाकोऱ्यांच्या तोंडाशी मोठे दगड लावा, म्हणजे पुढची गाडी आत वळणार नाही. त्यासाठी वन विभागाची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी मात्र ५ नोव्हेंबरपूर्वीच घेऊन ठेवा.

– काही पक्षीनिरीक्षक, पुणे