दोन तासांपूर्वी पोटात काय गेलं होतं?

महोदय,

अन्नाच्या ॲलर्जीबद्दल छापून येतं त्यात अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, श्वास लागणं एवढंच असतं, आणि तेही घास गिळल्या गिळल्या. आमच्या घरी यातलं काहीच झालं नाही. नातू पाच महिन्यांचा असताना त्याला पहिल्यांदा वरचं दूध दिलं. तो खेळला, झोपलाही. दोन तासांनी उलट्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. चेहरा पांढराफटक, मान टाकलेली. अंगावर मात्र एक पुरळ नाही. पोटात इन्फेक्शन आहे म्हणून सलाईन लावलं, दुसऱ्या दिवशी पोर हसत घरी आलं. काही दिवसांनी पुन्हा दूध, पुन्हा तेच.

तिसऱ्या खेपेला भेटलेल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आत्ताचं सोडा, दोन-तीन तासांपूर्वी पोटात काय गेलं होतं?" सूनबाईंनी मनातल्या मनात हिशेब केला आणि मटकन खाली बसल्या.

या दुखण्याला एफपीआयईएस म्हणतात. अन्नातल्या प्रथिनामुळे आतड्याला सूज येते. उलट्या साधारण १ ते ४ तासांनी होतात, जुलाब झालेच तर ५ ते १० तासांनी. नेहमीच्या ॲलर्जीत आयजीई नावाची प्रतिपिंडं असतात, इथे बहुधा ती नसतातच. म्हणून त्वचेवरची चाचणी आणि रक्ताचा रिपोर्ट दोन्ही स्वच्छ येऊ शकतात आणि 'ॲलर्जी नाही' असं सांगून घरी पाठवलं जातं. दूध, सोया तर आहेतच, पण तांदूळ आणि ओट्ससारखी 'हलकी' समजली जाणारी धान्यंही यात सापडतात. निदान होतं ते मुख्यतः घड्याळ आणि वहीवरून: काय खाल्लं, किती वाजता, त्रास किती वाजता. शंका उरलीच तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली तोच पदार्थ देऊन पाहतात. घरी हा प्रयोग करू नये, कारण अंगातलं पाणी कमी होऊन बाळ शॉकमध्ये जाऊ शकतं.

दुसरी तक्रार आयजीजी चाचण्यांबद्दल, म्हणजे आयजीजी नावाच्या वेगळ्या प्रतिपिंडांसाठी रक्त तपासून कुठलं अन्न सोसत नाही ते सांगणाऱ्या चाचण्यांबद्दल. शेकडो पदार्थांची यादी हातात देऊन 'हे सगळं बंद करा' म्हणतात. आयजीजी एवढंच सांगतं की तो पदार्थ तुमच्या खाण्यात आहे. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच या चाचणीवरून निदान करू नका असं सांगितलंय, तरी दुकान जोरात चालू आहे. वाढत्या वयाच्या मुलाचं निम्मं ताट अशा कागदावरून काढून घेणं मला तरी आजारापेक्षा भयंकर वाटतं.

बहुतेक मुलांची ही ॲलर्जी काही वर्षांत जाते. आमचा नातू आता तीन वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात दवाखान्यात बसवून त्याला थोडं थोडं दूध पाजलं. चार तास आम्ही सगळे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. त्याने मात्र कपात तळाशी उरलेला थेंब बोटाने पुसून चाटला आणि अजून मागितलं.

– एक आजी