'इन्फिरिअर' म्हणजे खालचा की हलका?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात, आणि खरे तर खानदेशात वाचल्या जाणाऱ्या बहुतेक मराठी दैनिकांत, न्यायालयीन बातम्या देताना 'कनिष्ठ न्यायालय' किंवा 'खालचे कोर्ट' असे शब्द सर्रास छापले जातात आणि त्याच पानावर रस्त्याच्या किंवा बंधाऱ्याच्या कामाविषयीच्या बातमीत 'निकृष्ट' हा शब्द येतो. इंग्रजीत लिहिताना या दोन्ही ठिकाणी 'इन्फिरिअर' हा एकच शब्द चालू शकतो. मराठीत मात्र या दोन अर्थांसाठी वेगवेगळे शब्द आहेत, आणि ते नीट निवडले नाहीत तर ज्याचे केवळ स्थान सांगायचे आहे त्याची लायकीच ठरवली जाते. हा दोष वृत्तपत्रांना सहज दूर करता येण्यासारखा आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

'इन्फिरिअर' हे मुळात लॅटिन विशेषण असून त्याचा अर्थ 'अधिक खालचा' एवढाच आहे. 'सुपीरिअर' म्हणजे 'अधिक वरचा'. ही रूपे मुळातच तुलनेची असल्यामुळे इंग्रजीत त्यांच्यापुढे 'दॅन' येत नाही, 'टू' येतो. 'सीनिअर' आणि 'ज्युनिअर' यांचेही तसेच आहे. आधी जागेचा अर्थ होता, त्यावरून क्रमाचा आला आणि क्रमावरून प्रतीचा. आज इंग्रजीत हे तिन्ही अर्थ एकाच वेळी वापरात आहेत, त्यामुळे भाषांतर करणाऱ्याने प्रत्येक वेळी यांपैकी कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे पाहणे आवश्यक ठरते. शब्दकोशात पहिला दिसेल तो प्रतिशब्द उचलून भागत नाही.

मी रावेर तालुक्यात कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत असे. फुलाच्या रचनेत 'इन्फिरिअर ओव्हरी' हा शब्द आला की, ती काहीतरी कमी प्रतीची, अपुऱ्या वाढीची असावी, अशी मुलांची समजूत होई. आपल्या भागात तिचा खरा अर्थ दाखवायला पुस्तकातल्या आकृतीची गरज नाही. केळीच्या कोवळ्या घडातली एखादी फणी पाहिली, तर प्रत्येक केळ्याच्या टोकाला वाळलेले फूल चिकटलेले दिसते. निर्यातीचा माल तयार करणारे शेतकरी ते हाताने काढून टाकतात. फूल टोकाला राहते याचाच अर्थ असा की, ज्याचे पुढे केळे झाले ते किंजपुट, म्हणजेच 'ओव्हरी', फुलाच्या पाकळ्यांच्या खाली होते. यालाच मराठी वनस्पतिशास्त्रात 'अधःस्थ किंजपुट' म्हणतात. आता बामणोदचे भरताचे वांगे घ्या. त्याची हिरवी टोपी, म्हणजे फुलाची निदले, देठाकडे असते आणि फळ तिच्या पुढे वाढते, कारण वांग्याचे किंजपुट निदले व पाकळ्या जिथे जोडलेल्या असतात त्याच्या वर असते. ते 'ऊर्ध्वस्थ', इंग्रजीत 'सुपीरिअर'. जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला, दोघांनाही भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. त्यांतले एक 'इन्फिरिअर' किंजपुटातून आणि दुसरे 'सुपीरिअर' किंजपुटातून तयार होते, यात कोणाचा मान कमी नाही आणि कोणाचा जास्त नाही. शरीररचनेतही तेच आहे. कमरेकडून, पायांकडून रक्त हृदयाकडे आणणारी अधोमहाशीर इंग्रजीत 'इन्फिरिअर' म्हणवते, आणि तीच शरीरातली सर्वांत मोठी शीर आहे.

आपल्या पाटबंधारे खात्याने हा भेद चांगला सांभाळला आहे, हेही नोंदवले पाहिजे. हतनूरचे धरण 'ऊर्ध्व तापी' आणि अमळनेर तालुक्यातला पाडळसे प्रकल्प 'निम्न तापी' म्हणून ओळखला जातो. इथे 'निम्न' म्हणजे नदीच्या प्रवाहात पुढे, उताराकडे, एवढेच. पाडळशाचे धरण हलके आहे, असे कोणी समजत नाही.

न्यायालयांच्या बाबतीत मात्र गोंधळ आहे आणि तो वाचकाला व्यवहारात अडचणीत टाकणारा आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३ मध्ये जिल्हा न्यायालय उच्च न्यायालयाच्या अधीन आणि जिल्हा न्यायालयापेक्षा 'इन्फिरिअर' श्रेणीची दिवाणी न्यायालये या दोघांच्याही अधीन, अशी रचना सांगितली आहे. संविधानाच्या अनुच्छेद २३३ ते २३७ च्या प्रकरणाला इंग्रजीत 'सबऑर्डिनेट कोर्ट्स' आणि मराठीत 'दुय्यम न्यायालये' असे शीर्षक आहे. या सर्व ठिकाणी अर्थ आहे तो अपील कोणाकडे जाते आणि देखरेख कोणाची असते, याचा. तालुक्याच्या न्यायालयात साक्षीदार प्रत्यक्ष उभा राहतो, त्याची उलटतपासणी तेथील न्यायाधीश समोर ऐकतात आणि पुराव्याची पहिली पारख तिथेच होते. वरचे न्यायालय बहुधा कागदांवरून तपासणी करते, आणि म्हणूनच साक्षीदाराच्या विश्वासार्हतेबद्दल मूळ न्यायालयाने नोंदवलेल्या मताला ते सहजासहजी बाजूला सारत नाही. ज्या न्यायालयात बहुसंख्य सामान्य माणसांचे आयुष्यातले एकमेव प्रकरण चालते, त्याला 'खालचे कोर्ट' म्हणणे मला अन्यायाचे वाटते. सर्वोच्च न्यायालयालाही तसेच वाटले असावे, कारण फेब्रुवारी २०२४ मध्ये न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने आपल्याच रजिस्ट्रीला, म्हणजे न्यायालयाच्या कार्यालयाला, सांगितले की, मूळ खटला चालवणाऱ्या न्यायालयांचा उल्लेख 'लोअर कोर्ट' असा करणे थांबवावे आणि त्यांच्या कागदपत्रांनाही तसे म्हणू नये.

'कनिष्ठ' या शब्दाने आणखी एक घोटाळा होतो. दिवाणी न्यायाधीश 'कनिष्ठ स्तर' आणि 'वरिष्ठ स्तर' ही आपल्याकडची अधिकृत पदे आहेत. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून उच्च न्यायालयात होणारी अपिले छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठापुढे जातात, आणि 'खंडपीठाने कनिष्ठ न्यायालयाचा निकाल फिरवला' असे छापले की, तो निकाल जिल्हा न्यायालयाचा होता की कनिष्ठ स्तर न्यायाधीशांचा, हे शेतजमिनीचा दावा लढणाऱ्या वाचकाला त्यातून कळत नाही.

या शब्दाची दुसरी बाजूही आहे आणि ती लपवू नये. जिथे इंग्रजी राज्यकर्त्यांनी 'इन्फिरिअर' म्हणताना खरोखरच माणसाची किंमत कमी धरली, तिथे सौम्य प्रतिशब्द वापरून ती गोष्ट झाकणे चुकीचे ठरेल. सरकारी नोकरीत 'सुपीरिअर' आणि 'इन्फिरिअर' सेवा असे भाग होते. शिपाई व तत्सम कर्मचाऱ्यांना लागलेले ते विशेषण पहिल्या वेतन आयोगानंतर जाऊन 'चतुर्थ श्रेणी' हे नाव आले आणि आता 'गट-ड' आहे. वतनांचे उदाहरण याहून बोलके आहे. परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने आणि मुलकी पाटलांची पदे १९६२ च्या कायद्याने संपली. या दोन्ही कायद्यांची नावे त्या त्या पदांवरून आहेत. महार, रामोशी आदी गावकामगारांची वतने मात्र ज्या १९५८ च्या कायद्याने गेली, त्याच्या नावातच 'इन्फिरिअर व्हिलेज वतन्स' असे शब्द आहेत. गावाची सीमा दाखवणारा, सारा पोहोचवणारा, रात्री पहारा देणारा माणूस ज्या वतनाखाली राबवला गेला, त्याच वतनाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. या कायद्याची बातमी देताना मराठीत 'कनिष्ठ वतने' लिहून पुढे जाण्याऐवजी, त्या काळी या कामांना कायद्यानेच खालचे ठरवले होते, हे एका वाक्यात सांगितले पाहिजे.

म्हणून माझी विनंती अशी आहे. न्यायालयाच्या बातमीत शक्यतो त्या न्यायालयाचे नावच द्यावे: भुसावळचे दिवाणी न्यायालय, अमळनेरचे जिल्हा व सत्र न्यायालय. नाव देणे जमत नसेल तेव्हा 'मूळ न्यायालय' किंवा 'विचारण न्यायालय' म्हणावे, आणि अधिकाराचा क्रम सांगायचा असेल तरच 'दुय्यम' किंवा 'अधीनस्थ' वापरावे. 'कनिष्ठ' हा शब्द सेवाज्येष्ठतेसाठी आणि अधिकृत पदनामांसाठी राखून ठेवावा. 'निकृष्ट' मात्र मालाच्या, कामाच्या प्रतीपुरताच असावा. आपल्या संपादकीय विभागात वार्ताहरांसाठी शब्दांची यादी असेल तर तिच्यात ही भर घालावी, आणि नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या पुढच्याच बातमीपासून हा बदल सुरू करावा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
ता. रावेर, जि. जळगाव