पेंटरकाका, तुमच्या सहीबद्दल आभार

आदरणीय पेंटरकाका,
सा. न. वि. वि.

तुम्ही कोल्हापूरला परत गेल्यापासून फोनवर दर वेळी मी आभार मानायला सुरुवात करतो आणि तुम्ही "ते राहू दे, तिकडं थंडी पडली का सांगा" म्हणून विषय बदलता. म्हणून आता लिहूनच काढतो आहे. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहे, कारण माझ्या जॅकेटांच्या पाठी रंगवून आणि आत सही करून तुम्ही जे केलंत ते माझ्या एकट्याच्या कपाटापुरतं नाही. तुमचं नाव मात्र टाकत नाही. तुम्हाला ते चालणार नाही हे ठाऊक आहे.

वाचणाऱ्यांना आधी थोडं सांगायला हवं. अमेरिकन लष्कराच्या हवाई विभागानं मे 1931 मध्ये ए-2 नावाचं कातडी जॅकेट अधिकृत केलं. त्याच्या आधीच्या ए-1 ला पुढे बटणं होती, याला चेन आली. बहुतेक जॅकेटं घोड्याच्या कातड्याची. खांद्यावर पट्टे, मनगटाला आणि कमरेला विणलेली लोकरी पट्टी, कॉलर खाली दाबून ठेवायला टिचबटणं, पुढे झाकणाचे दोन खिसे. पाठ एकाच अखंड तुकड्याची, मधे शिवण नाही. 1943 मध्ये लष्करानं नवी कातडी जॅकेटं घेणं थांबवलं आणि कापडी आणली. तोवर दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या पूर्वेकडच्या धावपट्ट्यांवर विशीतल्या अमेरिकन पोरांनी त्या अखंड पाठीचं काय करायचं ते ठरवून टाकलं होतं. विमानाच्या नाकाडावर जे चित्र, तेच पाठीवर. त्याच्याखाली ओळीनं छोटे छोटे बाँब. एक बाँब म्हणजे शत्रूच्या मुलखावरची एक फेरी.

अशी अस्सल जॅकेटं आज संग्रहालयात तरी असतात, नाहीतर माझ्यासारख्याच्या आवाक्याबाहेरच्या किमतीला. मिळालीच तरी अंगात घालू नयेत, कारण ऐंशी वर्षांचा रंग खांदा हलवला की पापुद्र्यांनी निघतो. म्हणून माझ्यासारखे लोक प्रती जमवतात. इंग्लंडात डेव्हनमध्ये ईस्टमन, स्कॉटलंडात एअरो लेदर, जपानात बझ रिक्सन्स आणि रिअल मकॉइज, ही अशा प्रती शिवणारी मोठी नावं. युद्धाच्या काळात ए-2 शिवणारे कंत्राटदार अनेक होते. रफ वेअरची कॉलर वेगळी, डूबोचा खिसा वेगळा, आणि आजचे प्रती शिवणारे तो फरक टाक्यापर्यंत जपतात. कातडं, दोरा, चेन, आतलं लेबल, सगळं जमवून आणतात. मला त्यांच्याबद्दल खरा आदर आहे. पण रंगवलेली पाठ ही वेगळीच गोष्ट. ती शिवणयंत्रावर होत नाही. मी पाहिलेल्या कितीतरी रंगवलेल्या प्रतींमध्ये चित्र इतकं सफाईदार असतं की ते छापल्यासारखं वाटतं.

आणि मग केंब्रिजच्या आमच्या गणपतीत मखराचा मागचा पडदा रंगवताना तुम्ही दिसलात. मुलाकडे काही महिने राहायला आलेले, कंटाळलेले, हातात ब्रश आल्यावर खुललेले. आयुष्यभर कोल्हापुरात सिनेमाची बॅनरं आणि दुकानांच्या पाट्या केलेला माणूस. खडूची एक रेघ न मारता तुम्ही 'मंगलमूर्ती मोरया' लिहिलंत आणि शेवटचं अक्षर बरोबर जागेवर येऊन बसलं. आरतीत माझं लक्ष नव्हतं.

तुम्ही आमच्याकडे पहिल्यांदा आलात तेव्हा जॅकेटापेक्षा फोटो जास्त वेळ पाहिलेत. 'मेम्फिस बेल' या विमानाचे ते जुने कृष्णधवल फोटो, ज्याचं चित्र मला पहिल्या जॅकेटाच्या पाठीवर हवं होतं. बी-17 जातीचं बाँबफेकी विमान, 91 वा बाँबर ग्रुप, तळ बॅसिंगबर्न, म्हणजे आमच्या घरापासून गाडीनं अर्ध्या तासावर. नाकाडावरची बसलेली मुलगी जॉर्ज पेटी या चित्रकाराच्या, 'एस्क्वायर' मासिकाच्या एप्रिल 1941 च्या अंकातल्या चित्रावरून घेतलेली. विमानाच्या डाव्या बाजूला तिचे कपडे निळे, उजव्या बाजूला लाल. ते रंगवणारा टोनी स्टार्सर हा तळावरचाच एक कॉर्पोरल. त्या एका ग्रुपची शंभराहून अधिक विमानं त्यानं रंगवली. हे ऐकल्यावर तुम्ही म्हणालात, "म्हणजे हा आमच्यातलाच. दिवसाला एक बोर्ड." स्टार्सरबद्दल मी बरंच वाचलं आहे, पण तो कामाला कसा उभा राहत असेल हे मला तुमच्या त्या वाक्यानं दिसलं.

पुढचं तुम्हीच सगळं सोडवलंत. कातड्याला कारखान्यात जो वरचा चकाकीचा थर दिलेला असतो त्यावर रंग धरत नाही, म्हणून खिशाच्या झाकणामागे, कुणाला दिसणार नाही अशा जागी, कापसाच्या बोळ्यानं थोडा थर उतरवून पाहिलात. पाठीवर तो हलक्या हातानं काढलात, फक्त चित्राच्या जागेपुरता. सांध्यावर जाड रंग नको, तिथे वाकताना तडा जातो, म्हणून अंगात घालून मला पुढे वाकायला, हात वर करायला लावलंत आणि खडूनं घड्या खुणावून घेतल्यात. कागदावर चित्र काढून कडेनं सुईची भोकं पाडलीत, वरून खडूची पूड थापटलीत. मग पांढऱ्याचा पातळ हात, वाळू द्यायचा, पुन्हा पातळ हात. बॅनरवर आठ फुटी हिरॉइनचा गाल रंगवणाऱ्या हातानं दहा इंचांची मुलगी रंगवताना तुम्ही खारीच्या केसांचा तो बारका ब्रश कसा धरला होता, ते अजून डोळ्यांपुढे आहे.

खरी अडचण सफाईची होती. मूळ जॅकेटांवरची अक्षरं डगमगती असतात, ओळ शेवटाला चढते, जागा संपली की शेवटचं अक्षर चेपून बसवलेलं. जमवणाऱ्यांना हे हवं असतं, आणि पुष्कळ चित्रकार ते मुद्दाम वाकडं काढून देतात. तुम्ही साफ नकार दिलात. "मुद्दाम वाकडं काढलेलं लगेच कळतं. त्यानं वाकडं काढलेलं नाही, त्यानं भराभरा काढलंय." आणि मग तुम्ही फोल्डिंगच्या टेबलावरून जॅकेट उचललंत, फळीवर ताणून दाराला टांगलंत, उभं राहून, एका बैठकीत, पुन्हा पुसायला न थांबता पाठ पुरी केलीत. त्यात जे थोडं हललं ते खरंच हललं. ती पाठ पाहिलेल्या एका जाणकार इंग्रज गृहस्थांनी बराच वेळ काही विचारलंच नाही, नुसते पाहत राहिले. या कामातलं एवढं मोठं कौतुक मी दुसरं ऐकलेलं नाही.

दुसऱ्या जॅकेटासाठी मला कुणाची नक्कल नको होती. चित्र माझ्या मनातलं, विमानाचं नाव माझं, आणि खाली बाँबांची एक ओळ, कारण त्याशिवाय पाठ रिकामी वाटते. तुम्ही मुलीचं चित्र पुरं केलंत, ब्रश धुतलात आणि विचारलंत, "हे बाँब कुणाचं म्हणायचं ओ?"

त्या रविवारी आपण मॅडिंग्लीच्या अमेरिकन दफनभूमीत गेलो. तुम्हीच जाऊया म्हणालात. हिरवळीवर वळणावळणानं गेलेले 3,800 हून अधिक पांढरे क्रूस आणि तारे, आणि पाण्याच्या कडेनं ती लांब भिंत, जिच्यावर मृतदेहच न मिळालेल्या पाच हजारांवर माणसांची नावं कोरलेली. इंग्लंडातून लढणाऱ्या अमेरिकेच्या आठव्या हवाई दलाचे 26,000 हून अधिक लोक त्या युद्धात गेले. एका टूरला, म्हणजे घरी सुटका होण्याआधी, आधी 25 फेऱ्या होत्या, मग 30 झाल्या, मग 35. 'मेम्फिस बेल'च्या चमूच्या 25 फेऱ्या 17 मे 1943 ला पूर्ण झाल्या आणि ते अमेरिकेला परतले, म्हणून त्यांचे पंचवीस बाँब आज सगळ्यांना माहीत आहेत. भिंतीवरच्या कितीतरी जणांची ओळ पाचवर, सातवर थांबली असेल. तुम्ही भिंतीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवलंत आणि कोरणाऱ्याचा हात चांगला आहे एवढंच म्हणालात.

दुसऱ्या जॅकेटावर बाँब नाहीत. पाठ रिकामी वाटत नाही.

हे बोलणं चाललं असताना मी तुम्हाला 'मर्डर इन्क'ची गोष्ट सांगितली होती. 1943 च्या अखेरीस एक अमेरिकन बाँबार्डियर, म्हणजे विमानातून बाँब टाकणारा, जर्मनांच्या हाती लागला. त्याच्या विमानाचं ते नाव पाठीवर रंगवलेलं जॅकेट त्याच्या अंगात होतं. जर्मन वर्तमानपत्रांनी फोटो छापून 'हे बघा, हे स्वतःच स्वतःला खुनी म्हणवतात' असा गाजावाजा केला. बिचाऱ्याला ते नाव कुठल्या परिस्थितीत पाठीवर घ्यावं लागलं असेल कोण जाणे. पण पाठीवरची अक्षरं वाचली जातात, आणि घालणाऱ्याला ती दिसत नाहीत. तुम्ही यावर मान हलवलीत आणि म्हणालात की पाटी लिहिणाऱ्यानं म्हणूनच शब्द दोनदा वाचायचा असतो.

आता सहीबद्दल, ज्यासाठी खरं तर हे पत्र आहे. रंगवलेल्या जॅकेटांच्या बाजारात खोटेपणा फार आहे. चांगली प्रत, तिच्यावर चांगलं चित्र, थोडं घासून जुनं केलं, की ती अस्सल म्हणून विकणारे निघतात. जमवणाऱ्यांना याची सतत धास्ती असते. तुम्हाला हे काहीही माहीत नव्हतं. तुम्ही फक्त प्रत्येक बोर्डाच्या कोपऱ्यात करता तशी सही करायला जागा शोधत होतात, आणि बाहेर केली तर चित्र बिघडेल म्हणून ती आत, चेनच्या मागच्या कातड्यावर, देवनागरीत केलीत. नाव, 'कोल्हापूर', वर्ष. 'बेल'च्या जॅकेटात त्याखाली मूळ विमानाचं नावही लिहिलंत. आता ही जॅकेटं माझ्यानंतर कुणाच्याही हाती जावोत, त्यांना कुणी 1943 ची म्हणू शकणार नाही. माझ्या ओळखीच्या तिघा-चौघांनी हे पाहून आपापल्या चित्रकारांकडून आत सही आणि वर्ष घालून घ्यायला सुरुवात केली आहे. तुम्ही कुठे पोचला आहात हे तुम्हाला कळावं म्हणून सांगतो.

एक आनंदाची गोष्टही सांगायची आहे. तुम्ही विचारलं होतंत, आपल्याकडे कुणी हे काम केलं होतं का. केलं होतं. चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीवरच्या अमेरिकन वैमानिकांच्या जॅकेटांवर जी कातडी बिल्लं दिसतात, तुकडा तुकडा कापून जोडलेली, ती कितीतरी आपल्याकडच्याच कारागिरांच्या हातची आहेत. 1944 मध्ये बी-29 विमानं बंगालमधल्या खरगपूरच्या आसपासच्या तळांवर होती, आणि त्यांचं मुख्यालय हिजलीच्या जुन्या बंदिशाळेत होतं. तीच बंदिशाळा, जिथे 1931 मध्ये इंग्रजांनी निःशस्त्र राजबंद्यांवर गोळ्या झाडल्या. आज तिथे आयआयटी आहे. हिमालय ओलांडून चीनला सामान पोचवणाऱ्या विमानांवर त्या फेरीची खूण म्हणून बाँब नव्हे, उंट काढायचे, कारण त्या डोंगररांगेला ते 'हंप', म्हणजे उंटाचं वशिंड, म्हणत.

तिसरं जॅकेट त्या आघाडीचं करायचं आहे. डिसेंबरात येतो आहे, ते अंगात घालूनच येईन, म्हणजे बॅगेत घड्या पडायच्या नाहीत. उंट कुणाचे, हे तुम्ही विचारणारच, म्हणून विमान एक खरंच नोंद असलेलं निवडलं आहे आणि त्याचे कागद सोबत आणतो. पांढरा आणि लाल इथून आणतो, बाकी रंग तुमच्याकडचे चालतील असं तुम्ही म्हणाला होतात. आणि या वेळी मजुरी घ्यायची. गेल्या वेळी ब्रशच्या पैशांपलीकडे तुम्ही काही घेतलं नाहीत, ते काकूंनाही पटलेलं नाही.

काकूंना नमस्कार.

तुमचा,
केंब्रिजचा जॅकेटवाला