सुभेदार साहेब, त्या अर्ध्या बाटलीबद्दल

सुभेदार साहेब,
सादर नमस्कार.

तुमच्या पलटणीतल्या लातूरच्या पोराची मी थोरली बहीण. तुमचं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण आभार चारचौघांतच मानायचे आहेत.

पहिल्याच उन्हाळ्यात आमचा धाकटा जैसलमेरच्या रेतीत चक्कर येऊन पडला, हे त्यानं घरी कळूच दिलं नाही. फोनवर सांगायचा ते दुसरंच. ऊन चढायच्या आत पीटी उरकायची, बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही, आत विंचू नाहीतर फुरसं असतं. आंधी सुटली की लंगरातली, म्हणजे पलटणीच्या मेसमधली रोटीसुद्धा दाताखाली करकरते.

तो पडला तेव्हा कुणी त्याला कामचुकार म्हणालं. तुम्ही त्याची बाटली उचलून बघितलीत. दुपार टळली तरी जवळजवळ भरलेली. का पीत नाहीस, विचारलंत. तो म्हणाला, "पुरवून पितो, साहेब."

२०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा हा शाळेत होता. त्याआधी पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागलेली. आमच्या घरात तांब्याभर पाण्यावरून रडारड व्हायची. ती सवय त्याच्या अंगात मुरली. वर भरतीच्या तयारीसाठी ज्या अकॅडमीत फी भरली, तिथं सोळाशे मीटर पळून पाणी मागणाऱ्याला कच्चा म्हणायचे! पैसे मोजून घेतले आणि पोराला तहान मारायला शिकवलं. कोरड्या हवेत घाम दिसायच्या आधीच वाळतो, तहानेची वाट बघत बसलं तर उशीर होतो, हे एकानंही सांगितलं नाही. त्यांचा राग अजून जात नाही.

तुम्ही ओलं फडकं गुंडाळलेली स्वतःची बाटली काढलीत, अर्धी प्यायलात, अर्धी त्याच्या हातात दिलीत. "तुझं संपलं तर माझं आहे." पुढं कितीतरी दिवस तासातासानं येऊन त्याच्याबरोबर दोन घोट प्यायलात. नुसता हुकूम सोडला असतात तरी चाललं असतं की! एवढ्या हुद्द्याचा माणूस शिपायाशेजारी रेतीत बसतो, हे ऐकून आई कितीतरी वेळ रडत होती. अशा माणसांच्या भरवशावरच तर आयाबाया पोरं इतक्या लांब धाडतात.

सुट्टी जमली तर वेळ अमावस्येला, आमच्याकडच्या शेतातल्या सणाला, घरच्यांना घेऊन आमच्या शेतात या. भज्जी, खीर आणि माठातली आंबील. आईनं बजावून सांगितलंय, यायचंच.

तुमची,
लातूरची एक बहीण